पारण्याच्या मनुका

अव्वा,

आज सकाळपासून क्षमावणीची पत्रं लिहीत बसले आहे. दशलक्षण पर्व संपलं की वर्षभरात ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागायची, ही सवय तूच लावलीस. तुझ्या वेळी दारोदार जाऊन हात जोडायचे, आता कार्डं टाकली की भागतं. नणंदेला लिहिलं, दोन्ही विहिणींना लिहिलं, भांडकुदळ जावेलाही लिहिलं. सगळ्यांना एकच वाक्य, कळत-नकळत काही बोलले असेन तर मनात ठेवू नका. जावेच्या कार्डावर 'नकळत' लिहिताना माझं मलाच हसू आलं, कारण तिला जे बोलले ते चांगलं ठरवून बोलले होते. मग हा मोठा कागद काढला. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि तुझी क्षमा मी एकदाही मागितलेली नाही. दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी दौत बंद करून ठेवते. यंदा लिहायला बसले, कारण ज्या एका माणसाला ती गोष्ट ठाऊक होती ती आपली शेजारची चाची वैशाखात गेली. कसबा बावड्याच्या आपल्या घरात मुनीमहाराजांचं जे पारणं झालं, ज्याची हकिगत तू मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस, त्या पारण्यात मी तुला फसवलं होतं.

आधीच्या वर्षापासून सांगायला हवं. मी दहा वर्षांची होते. संस्थानच्या सरकारांची गाडी बावड्याच्या रस्त्यानं निघाली की लोक हातातलं काम टाकून मुजऱ्याला उभे राहत, तो काळ. आपल्या घरात मात्र त्यापेक्षा मोठा पाहुणा म्हणजे अनवाणी चालत येणारे, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू एवढंच घेऊन फिरणारे मुनी. त्या वर्षी ते पहिल्यांदा आपल्या दारात थांबले. दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत त्यांचा आहार. ओंजळीत केस दिसला, मुंगी दिसली, की अंतराय झाला. मग ते हात सोडून देतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. तू तिसरा घास घातलास आणि त्यात केस निघाला. भात खाली पडला. ते एक शब्द न बोलता पायरी उतरून गेले. बाहेर थांबलेल्या बायका त्यांच्याकडे बघत नव्हत्या, तुझ्या डोक्याकडे बघत होत्या. "केस बांधून घ्यावंत एवढंबी कळंना व्हय," असं एकजण तुला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली. तू तशीच देवळात गेलीस आणि नेम घेऊन आलीस. आपल्या घरात मुनींचा आहार निर्विघ्न होईपर्यंत एकच वेळ जेवायचं, आणि त्यातही मीठ, दूध, तूप बंद.

पहिले दोन-तीन महिने तू ताठ होतीस. मग बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. विहिरीवर दोन घागरी ओढल्यास की तिसरीला खाली बसायचीस. मार्गशीर्षात एकदा जात्याजवळ पडलीस आणि मी तुझ्या तोंडावर पाणी मारत राहिले. आण्णा कधी आवाज न चढवणारे, पण त्या दिवशी ओरडले. "मीठ सोडून माणूस जगतंय व्हय? मोड की त्यो नेम." तू भिंतीला टेकून म्हणालीस, "मोडायचाच आसता तर घेतला कशाला आसता?" वैद्यांनी नाडी बघितली आणि आण्णांना अंगणात नेऊन सांगितलं की हे असंच चाललं तर बाई पुढचा पावसाळा बघणार नाही. त्यांना वाटलं मी झोपलेय. मी दाराच्या मागेच होते. तेव्हापासून तू जेवायला बसलीस की मी तुझ्या ताटातला मिठाचा रिकामा कोपरा बघायची आणि मला तुझा राग यायचा. खरंच राग यायचा, अव्वा. देवळातल्या देवाचा यायचा, त्या केसाचा यायचा, पण सगळ्यात जास्त तुझा.

फाल्गुन संपता संपता निरोप आला की एक वृद्ध मुनीमहाराज बावड्याला येणार आहेत. त्यांनी मीठ, गूळ-साखर, दूध, दही, तूप, तेल सगळं आयुष्यभरासाठी सोडलेलं. चार दिवसांचा उपवास करून ते पारणं बावड्यात करणार होते. अशा माणसाला पोटात घालायला काय द्यायचं? बिनमिठाचा भात, मुगाचं पाणी, आणि अंगात जरा धुगधुगी यावी म्हणून मनुकांचं पाणी. बाजारच्या मनुका चालत नाहीत. कुणी वाळवल्या, कसल्या पाण्यात धुतल्या, आत किडा मेलाय का, कोण सांगणार? मनुका घरच्याच हव्यात, आणि बावड्यात द्राक्षाचा वेल असलेलं जैनाचं घर एकच, ते आपलं. विहिरीवरच्या मांडवाला आण्णांनी तो हौसेनं चढवला होता. कोल्हापूरच्या मातीत द्राक्षं कुठली यायला, म्हणून गाव हसायचं. यायची थोडी, बियांची, जाड सालीची, आंबट-गोड. पण त्या वर्षी घड बरे धरले होते आणि तू ते जणू ह्याच कामासाठी धरलेत अशी त्यांच्याकडे बघत होतीस.

मनुका करायची तुझी रीत मला अजून पाठ आहे. सरपण झाडून, किडा-मुंगी बघून मगच चूल पेटवायची. त्याची राख गाळलेल्या पाण्यात भिजवायची, वरचं निवळ पाणी उकळायचं, त्यात चमचाभर तेल. घड त्यात बुडवून लगेच काढायचे. सालीला बारीक तडे गेले की समजायचं झालं. हे तेल त्या मुनींना चालायचं नाही, म्हणून त्या वर्षी तू तेल घातलं नाहीस आणि नुसत्या राखेच्या पाण्यावर भागवलंस. मग माळ्यावर, उन्हात नाही, वाऱ्याच्या खिडकीपाशी, धुतलेल्या धोतरावर पसरायचे. रोज कोरड्या हातांनी परतायचे. शिडी चढायची तुझ्यात ताकद नव्हती. तू माझ्या डोक्याला घट्ट फडकं बांधलंस आणि म्हणालीस, "मुंग्या आल्या तर झाडायच्या न्हाईत. हळदबी टाकायची न्हाय, त्यांचं पाय भाजत्यात. हळू फुंकर घालायची." मी हो म्हणाले.

आणि मुंग्या आल्या. दहा-वीस असतील. मी फुंकर घातली, त्या परत आल्या. मग मला एक हुशारी सुचली. मारायच्या नाहीत, झाडायच्या नाहीत, तर त्यांना दुसरीकडे बोलवायचं. मी चुलीपासून गुळाचा एक खडा आणला आणि माळ्याच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवला. तासाभरात मुंग्या खरोखर तिकडे वळल्या. मला इतका आनंद झाला की जीव वाचवायची ही युक्ती देवळात सांगावी असं वाटलं. त्याच संध्याकाळी तुला ताप भरला आणि दोन दिवस मी तुझ्या उशापासून हलले नाही. तिसऱ्या दिवशी वर गेले तर धोतर काळं झालं होतं. गुळासाठी सगळ्या भिंतीतल्या मुंग्या जमल्या होत्या, गूळ संपला होता, आणि त्या द्राक्षांवर आल्या होत्या. सालीच्या तड्यांतून आत शिरल्या होत्या, चिकटल्या होत्या, मेल्या होत्या. मी एक मनुका फोडली. दुसरी फोडली. दहावी फोडून थांबले. महिनाभर निवडत बसले असते तरी त्यातली एक वाटी शुद्ध निघाली नसती. महाराज परवा यायचे होते.

त्या क्षणी खाली येऊन तुला सांगितलं असतं तर तू मला मारलं नसतंस. तू नुसतं बरं म्हणाली असतीस, एवढे जीव मेलेल्या घरात महाराजांना आहार द्यायचा नाही असं ठरवलं असतंस, आणि पुन्हा कधी कोण मुनी येतात त्याची वाट बघत बसली असतीस. तुझ्याकडे तेवढे दिवस नव्हते. हे मला ठाऊक होतं आणि तुला ठाऊक नव्हतं. मी धोतर चारी कोपऱ्यांनी उचललं, मागच्या दारानं शेताच्या बांधावर नेलं आणि चिंचेखाली पसरलं. पाण्यात टाकलं असतं तर उरलेल्या मुंग्या बुडाल्या असत्या, म्हणून. बघ, एवढं मोठं पाप करायला निघालेली पोर मुंग्या जपत होती. तिथून मी सरळ चाचीच्या दारात गेले.

चाचीचं घर म्हणजे आपल्या परड्याची भिंत ओलांडली की पलीकडे. तिचा नवरा बागवान, फळं विकायचा. तिच्या अंगणातला वेल आपल्याच वेलाची फांदी होती, तूच दिली होतीस. भिंतीवरून तुम्ही दोघी तासन्तास बोलायच्या. तू तिला पापड द्यायचीस, लोणचं द्यायचीस. तिनं दिलेलं तू हसून घ्यायचीस आणि ती आत गेली की गड्याला देऊन टाकायचीस. तिला ते माहीत होतं. मी तिच्यापुढं उभी राहून सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "तुमच्या मनुका द्या, चाची."

ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "तुझी आई माझ्या हातचं पाणी पीत न्हाय, पोरी. आन् तिच्या सामीच्या ओंजळीत माझ्या मनुका? तौबा. ह्ये पाप माझ्या गळ्यात घालू नगंस."

"पाप मला लागंल."

"तुला कोन इचारतंय? लागायचं आसंल तर मोठ्याला लागतंय."

"अव्वा मरंल चाची," मी म्हणाले. "वैद्य म्हनलाय. पावसाळा निघायचा न्हाय."

तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मग उठली. तिनं विहिरीवर जाऊन तीनदा हात धुतले, ओढणीनं केस बांधून घेतले, आणि ईदच्या शीरखुर्म्यासाठी ठेवलेली चिनी मातीची बरणी उतरवली. इतकी वर्षं भिंतीवरून आपलं बघून तिला सगळे नियम पाठ होते. तिनं दोन वाट्या मनुका माझ्या पदरातल्या स्वच्छ फडक्यात ओतल्या आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "ध्यानात ठेव. तुझ्या आईनं मला इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाय. तिनं इचारूच नये, ही तजवीज तुझी तू कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघी सोप्यात मनुका शोधायला, म्हणजे आत किडा-मुंगी नाही ना ते बघायला बसलो. एकेक मनुका चिरायची, बी काढायची, आतून उजेडाला धरून बघायची. तुझा ताप उतरला होता पण एकेक मनुका चिरायला तुला वेळ लागत होता. मी तुझ्यापेक्षा जोरात काम करत होते, म्हणजे तुझ्या वाट्याला कमी याव्यात. तू एक उचललीस, नाकाजवळ नेलीस आणि थांबलीस. "धुराचा वास येतोय गं."

चाची तिच्या मनुका चुलीवरच्या फळीवर वाळवायची. "राखंच्या पान्याचा आसंल," मी म्हणाले.

तू मनुकेकडे बघत राहिलीस. मग ती वाटीत टाकलीस. "यंदा राख माझ्याच हातनं जास्त पडली आसंल," तू म्हणालीस. "ध्यानच ऱ्हात न्हाय अलीकडं." माझं खोटं तू स्वतःच्या अंगावर घेतलंस आणि मी मान खाली घालून पुढची मनुका चिरली. त्या दुपारी मी तोंड उघडायच्या बेतात होते. तू पाणी प्यायला उठलीस आणि उठताना भिंत धरलीस, म्हणून नाही उघडलं.

पारण्याच्या सकाळी पाच घरांपुढे लोक कलश घेऊन उभे होते. महाराज आले. हाडं आणि कातडी, आणि चाल मात्र सरळ. पहिल्या तीन घरांवरून ते न थांबता गेले. आपल्या दारापुढे थांबले. तुझ्या हातातला कलश हलत होता आणि पाणी तुझ्याच पायांवर सांडत होतं. आत आल्यावर पाद्यपूजा झाली, आणि मग आहार देणाऱ्या प्रत्येकानं म्हणायचं असतं ते आलं. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध. आण्णांनी म्हटलं. तू म्हटलंस, आणि तुझ्याइतक्या खरेपणानं ते कुणी म्हटलं नसेल. आठ वर्षांवरच्या प्रत्येकाला आहार देता येतो आणि मी तर दहा ओलांडलेली, म्हणजे मलाही आहार द्यायचा होता, मलाही म्हणायचं होतं. मी गप्प राहिले. महाराजांचं मौन होतं. त्यांनी ओंजळ केली नाही. नजर खाली ठेवून ते नुसते उभे राहिले.

चार दिवसांचा उपाशी माणूस माझ्या एका वाक्यासाठी थांबला आहे. दारात माणसं माना उंचावून बघताहेत. ती केसावरून बोललेली बाई सगळ्यात पुढे आहे. तू मला कोपरानं ढोसतेस, "बोल की गं." नुसतं 'नाही' म्हणाले असते तरी सगळं थांबलं असतं. ते वळले असते, दुसऱ्या घरी गेले असते, कोरड्या भातावर पारणं केलं असतं, आणि मला पाप लागलं नसतं. मी तुझ्या मनगटाकडे बघितलं. मग मी चारही शुद्धी म्हटल्या, मोठ्यानं, दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जातील अशा. आवाज जरासुद्धा कापला नाही. त्यानंतर माझ्या स्वतःच्या घरी मी ते शब्द कितीतरी वेळा म्हटले, सगळं खरोखर शुद्ध असताना, आणि दर वेळी माझा आवाज कापतो.

त्यांनी ओंजळ केली. तू मनुकांचं पाणी ओतलंस. ओंजळीत काहीतरी काळं तरंगलं. त्यांनी मान झुकवली आणि बघत राहिले. दारातली कुजबुज बंद झाली. सालीचा तुकडा होता. ते प्याले. तू दुसऱ्यांदा ओतलंस, ते प्याले. मग भात, मग मुगाचं पाणी, मग पुन्हा मनुकांचं पाणी, आणि ओंजळ शेवटपर्यंत सुटली नाही. ते पायरी उतरून गेले तेव्हा बाहेर जयजयकार झाला आणि तू खांबाला धरून खाली बसलीस. आण्णांनी स्वतः तुला ताट वाढलं. तू आधी बोटाच्या टोकानं मीठ उचललंस, जिभेवर ठेवलंस, आणि म्हणालीस, "लई खारट लागतंय गं." आणि हसलीस. अव्वा, वर्षभरानं हसलीस. मी परड्यात जाऊन ओकले.

दुपारी तू उरलेल्या मनुका द्रोणात घालून भिंतीपाशी गेलीस. मी मागे धावले, पण तू चाचीला हाक मारून बसली होतीस. "घे, माझ्या घरच्या मनुका. महाराजांनी तीनदा घेतल्या. यंदा जरा धूर लागलाय, पन निभावलं." चाचीनं दोन्ही हात पुढे करून स्वतःच्याच मनुका तुझ्याकडून घेतल्या. एक तोंडात टाकली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ग्वाड हाईत," एवढंच म्हणाली. तू तिला विचारलं नाहीस, त्यामुळे तिला खोटं बोलावं लागलं नाही.

त्यानंतर तू चौदा वर्षं जगलीस. चांगली धट्टीकट्टी, गावाला दम देणारी. माझं लग्न लावलंस, मला उचगावला दिलंस, माझ्या पहिल्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या उशाशी बसलीस. आणि प्रत्येकाला ती मनुकांची हकिगत ऐकवलीस. शेवटच्या दुखण्यात मी दोनदा सांगायला म्हणून तुझा हात धरला, आणि दोनदा तूच म्हणालीस की माझ्या हातून आयुष्यात एक गोष्ट मात्र पुरी झाली. मग मी काय सांगणार होते?

तर इथपर्यंत लिहिलं, आणि आता क्षमा मागायची. पण ती लिहवत नाही, कारण मला पश्चात्ताप होत नाही. पुन्हा त्याच दारात उभं केलं तर मी पुन्हा तेच चार शब्द म्हणेन. हे कळायला मला एवढी वर्षं लागली आणि एवढा कागद लागला. चुकले मी दुसरीकडेच.

चाचीकडे मी जात राहिले, तू गेल्यावरही. माहेरी गेले की भिंतीपलीकडे डोकवायचंच. ती ईदेला शीरखुर्मा द्यायची, मी हसून घ्यायची आणि बाहेर आले की कुणालातरी देऊन टाकायची, अगदी तुझ्यासारखी. चैत्रात ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून गेले. तिनं उशाखालच्या पुडीतून दोन मनुका काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "आता तरी खा. तुझी आई बघत न्हाय." मी म्हणाले, "घरी जाऊन खाते, चाची," आणि पदराच्या टोकाला बांधल्या. तिनं ती गाठ बघितली. "बरं," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिच्या हातच्या मनुका मी मुनीमहाराजांच्या ओंजळीत घातल्या, तुझा जीव वाचवायला घातल्या, आणि सगळ्या गावापुढे त्या शुद्ध आहेत असं ओरडून सांगितलं. माझ्या तोंडात मात्र त्यातली एकही गेली नाही. त्या दोन मी उचगावच्या वाटेवर एका शेळीपुढे टाकल्या, अव्वा.